सुट्टीत शाळकरी मुलं दिवसभर सांभाळायची, तर फी कशी ठरवावी?

प्रश्न थोडक्यात असा: शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत सहा ते अकरा वयाची सहा मुलं तुम्ही घरी सांभाळता. महिन्याची फी ठरलेली आहे. आता लांब सुट्टी येतेय आणि पालक विचारतायत, सकाळपासून ठेवाल का? एका वडिलांचं म्हणणं, 'तीन तासांचे इतके घेता, तर दहा तासांचे त्या हिशेबाने लावा आणि थोडे कमी करा.' एका आईला फक्त दोन आठवडे हवेत, बाकीच्या आठवड्यांचे पैसे द्यायची तिची तयारी नाही. फी किती लावायची, आणि मूल येणार नाही त्या दिवसांचे पैसे घ्यायचे का, हे तुम्हाला हवंय.

तासाच्या दराला दहाने गुणू नका. आसपासच्या शिबिराचा दर बघून त्यातून थोडं वजा करणं हीसुद्धा सुरुवात होऊ शकत नाही. आधी एका गोष्टीचा अंदाज घ्या: सुट्टीच्या मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी तुमच्या घरात प्रत्यक्षात किती मुलं असतील? आजवर जितक्या जणींचे हिशेब मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकींचं गणित दराने बिघडलं नव्हतं, हजेरीने बिघडलं होतं.

पण त्याआधी सुट्टी म्हणजे किती काम हे एकदा मांडून पाहा, कारण 'चार दिवसांचा तर प्रश्न आहे' असं पालकांना वाटतं आणि ऐकून ऐकून आपल्यालाही वाटायला लागतं. उदाहरणाला इंग्लंडमधल्या सरकारी शाळांचं वर्ष घेऊ. ते १९० दिवसांचं असतं. वर्षात सोमवार ते शुक्रवार असे साधारण २६० दिवस, म्हणजे शाळा नसलेले ७० दिवस उरतात. शाळेच्या दिवशी ३ तास धरले तर १९० दिवसांचे ५७० तास. सुट्टीच्या दिवशी १० तास धरले तर ७० दिवसांचे ७०० तास. म्हणजे सगळी सुट्टी काम केलं, तर शाळेच्या अख्ख्या वर्षापेक्षा सुट्टीतच जास्त तास भरतात. वीस दिवस तुम्ही स्वतः रजा घेतली तरी ५०० तास राहतात, वर्षाच्या कामाच्या निम्म्याच्या जवळ. तुमच्याकडच्या शाळेचं वेळापत्रक वेगळं असेल, तुमचे आकडे घालून बघा. चित्र फारसं बदलत नाही. इतका मोठा वाटा असलेलं काम 'थोडे कमी करून' लावायचं म्हणजे वर्षाचं उत्पन्नच कमी करून घ्यायचं.

आता हजेरीकडे येऊ. खालचे आकडे कुठल्याही चलनात वाचा, मला फक्त प्रमाण दाखवायचंय.

शाळेच्या दिवशी तुम्ही एका मुलाचे १०० घेता असं धरू. सहा मुलांचे ६००. प्रत्येकामागे खाऊ आणि किरकोळ मिळून १५ खर्च, म्हणजे ९० गेले, ५१० उरले. मुलं तीन तास असतात, पण आणायला जाणं, आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर धरून तुमचं काम चार तासांचं होतं. तासाला साधारण १२७ पडले. सुट्टीत मुलं दहा तास असली तर तुमचे अकरा तास जातात. तासाची तुमची कमाई तीच ठेवायची, तर दिवसाला सुमारे १४०० हातात उरले पाहिजेत. सुट्टीत दोन वेळचं खाणं, जेवण, कागद-रंग-खेळ, जास्तीची वीज असा एका मुलामागे ५० खर्च धरा.

सहाच्या सहा मुलं आली, तर १४०० अधिक ३०० भागिले ६, म्हणजे एका मुलाचे साधारण २८३. पाच आली तर ३३०. चारच आली तर ४००.

आता त्या वडिलांचा गुणाकार बघा. शंभराला तीन तासांनी भागून दहाने गुणलं तर ३३३ येतात. म्हणजे रोज पाच मुलं आली तर त्यांचं गणित जेमतेम जुळतं. त्यातून 'थोडे कमी' केले किंवा एक मूल कमी आलं, की तुम्ही शाळेच्या दिवसांपेक्षा कमी मोबदल्यात जास्त राबताय. आणि सुट्टीत सगळी मुलं कधीच येत नाहीत. कोणी आजोळी जातं, कोणी शिबिराला, कुणाचे आई-बाबा आळीपाळीने रजा काढतात. सहा जणांकडे सरासरी चार धरून चाला. नोंदणी नीट आधी घेतलीत तर पाच.

सकाळच्या वेळात तुम्ही दुसरं काही काम करत असाल, शिकवण्या, शिलाई, काहीही, तर सुट्टीत ते बंद पडणार. ते बुडालेलं उत्पन्नही वरच्या १४०० शी ताडून बघा. सकाळची तुमची कमाई तासाला १२७ पेक्षा जास्त असेल, तर सुट्टीतली मुलं घेण्यात पैशाचा फायदाच नाही. मग घ्यायची असतील तर ओळख टिकवण्यासाठी घ्या, पण ते माहीत असून घ्या.

उलट, दिवसभर येणारी लहान मुलं तुमच्याकडे वर्षभर असतील तर सकाळच्या तासांचा काही भार त्यांच्या फीतून आधीच निघतो आणि शाळकरी मुलांचा दर थोडा खाली आणता येतो. तिथे फक्त डोकी मोजा. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत चाइल्डमाइंडरला, म्हणजे आपल्या घरी मुलं सांभाळणारीला, एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं ठेवता येतात, आणि त्यांत तिची स्वतःची मुलंही धरली जातात. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, तुमचं स्वतःचं मूल सुट्टीत घरी आहे, त्यालाही लक्ष लागतं, आणि त्याची फी कोणी देत नाही. सहा जागा असतील आणि एक आपल्याच मुलाने अडवली असेल, तर विकायला पाचच आहेत.

त्या वडिलांना काय सांगायचं, हा नाजूक भाग. वर मांडलेला हिशेब त्यांना दाखवू नका. तुमचा खर्च आणि तुमची कमाई हा चर्चेचा विषय झाला की प्रत्येक आकड्यावर घासाघीस सुरू होते. 'खाऊला पंधरा कशाला, डबा देतो आम्ही.' त्यांना कामातला फरक सांगा. शाळेतून आलेलं मूल दमलेलं असतं. हात-पाय धुतले, खाल्लं, गृहपाठाची वही काढली, थोडं खेळलं की घरचं माणूस न्यायला दारात उभं. सुट्टीतलं मूल सकाळी आठला ताजंतवानं येतं. साडेदहाच्या सुमारास नऊ वर्षांचा एखादा मुलगा चित्राचा कागद अर्धवट टाकून तुमच्यासमोर उभा राहतो आणि विचारतो, 'आता काय करू?' सहा वर्षांची मुलगी मोठ्यांच्या पत्त्यांच्या डावात घेत नाहीत म्हणून रडत असते. अकरा वर्षांच्याला फोन हवा असतो. बाहेर पाऊस असतो आणि जेवायला दोन तास असतात. त्या दोन तासांत काय होणार हे आदल्या रात्री कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आणि ती व्यक्ती तुम्ही आहात. फी त्याची आहे. हे समजावणीच्या सुरात सांगायची गरज नाही. आठवड्याचा साधा बेत लिहून भिंतीला लावा आणि पालकांना त्याचा फोटो पाठवा: सोमवारी मातीकाम, मंगळवारी बाहेर मैदानात, बुधवारी मुलांनीच रचलेलं नाटुकलं. बेत दिसला की 'नुसतं बसवून ठेवायचं तर आहे' हे वाक्य निम्म्या घरांतून तरी येत नाही.

काही पालक दुसऱ्या देशातले दाखलेही देतात की तिकडे सुट्टीची सोय किती स्वस्त असते. असते, पण कशामुळे? स्वीडनमध्ये २००२ पासून फीला कमाल मर्यादा आहे. शाळेला जोडलेल्या केंद्रासाठी पहिल्या मुलामागे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २ टक्के, पुढच्या दोघांमागे प्रत्येकी १ टक्का, आणि तेही उत्पन्नाच्या ठरावीक पातळीपर्यंतच. बाकीचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. तुमच्या मागे तसा कोणी उभा नसेल, तर ती तुलना तुम्हाला लागू नाही.

आता त्या आईचा प्रश्न, आणि इथे घाई करू नका. मूल येणार नाही त्या दिवसांचे पैसे घ्यायचे का, याचं उत्तर एका जुन्या गोष्टीवर अवलंबून आहे: तुमची आत्ताची महिन्याची फी तुम्ही कशावरून काढली होती?

दोन शक्यता. पहिली, तुम्ही फक्त शाळेचे दिवस मोजले. १०० गुणिले १९० म्हणजे १९,०००, ते बारा महिन्यांत वाटले, महिना सुमारे १,५८३. तसं असेल तर सुट्टीच्या दिवसांचे पैसे पालकांनी दिलेलेच नाहीत. सुट्टीतल्या दिवसाची पूर्ण फी लावायला तुम्ही मोकळ्या आहात. दुसरी शक्यता, तुम्ही सरळ वर्षाचे २६० दिवस धरले, २६,००० भागिले बारा, महिना सुमारे २,१६७, आणि सुट्टीच्या महिन्यांतही तेच घेता. मग पालकांनी सुट्टीच्या ७० दिवसांचे प्रत्येकी १०० आधीच भरलेत. त्यांच्याकडून वर पुन्हा ३३० मागणं म्हणजे एकाच जागेचे दोनदा पैसे घेणं. त्यांनी फरकाचे २३० द्यायचे. आणि जे मूल अजिबात येणार नाही त्याचे ते १०० म्हणजे जागा धरून ठेवल्याचे पैसे. ते तुम्ही घेतच आहात, आणखी काही मागायचं नाही.

माझ्या माहितीतली निम्मी भांडणं इथून निघतात. पालकाला नक्की आकडा सांगता येत नाही, पण आपण कुठेतरी दोनदा देतोय एवढं जाणवतं, आणि तो दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीवरून कुरकुर करायला लागतो. तेव्हा महिन्याची फी कशी आली हे आधी स्वतःपुरतं कागदावर काढा. आठवत नसेल तर या सुट्टीपासून नव्याने ठरवा आणि पालकांना तसं लिहून कळवा.

पहिल्या पद्धतीत असाल, तर न येणाऱ्या आठवड्यांचे पैसे घ्यायचे की नाही? माझं मत स्पष्ट आहे: सुट्टीतले जे आठवडे पालकाने मागितलेच नाहीत, त्यांचे पैसे घेऊ नका. शाळा सुरू झाल्यावरची जागा धरून ठेवायचे म्हणून सुट्टीत अर्धी फी घेण्याची पद्धत बरीच चालते, आणि ज्यांच्याकडे जागेसाठी रांग आहे त्यांना ती शोभते. तुमच्याकडे रांग नसेल तर अर्ध्या फीच्या आग्रहापायी शाळेच्या वर्षातलं मूल गमवाल, आणि त्याचे १९० दिवस आहेत. पण मागितलेल्या आठवड्यांचे पैसे मात्र मूल येवो न येवो, पूर्ण. त्या आईला दोन आठवडे हवेत ना? मिळतील. कुठले दोन ते आत्ता सांगायचं आणि पैसे त्या दोन्ही आठवड्यांचे द्यायचे. गुरुवारी मावशी आली म्हणून मूल घरी राहिलं, तर तो दिवस तिचा, तुमचा नाही.

दिवसाच्या हिशेबाने देऊ नका, आठवड्याच्या हिशेबाने द्या. फारच झालं तर आठवड्याला किमान तीन दिवस, आणि वार आधी ठरलेले. सुटे दिवस देताना दर वाढवा. आठवड्याच्या नोंदणीत दिवसाला ३३० पडत असतील तर सुट्या दिवसाचे ३८० ते ४००, कारण सुट्या दिवसांमुळेच तुमची हजेरी चारवर येते आणि चारचा दर चारशे आहे. अर्ध्या दिवसाची मागणी हमखास येते. अर्ध्या दिवसाला निम्मी फी लावू नका, ६० ते ६५ टक्के लावा. सकाळी गेलेल्या जागेवर दुपारपुरतं दुसरं मूल सहसा मिळत नाही, आणि जेवण तर दोन्हीकडच्या अर्ध्या दिवसांत येऊन बसतं. दोन मुलं वेगवेगळ्या अर्ध्या दिवसांना हवी असतील तर जेवणाच्या वेळी दोघंही घरात आहेत की नाहीत हे आधीच ठरवा, नाहीतर त्या अर्ध्या तासात एक डोकं जास्त होतं.

एकदम मोठी रक्कम पालकांना जड जाते हे खरं. त्यावर फ्रान्समधल्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांची पद्धत मला पटते. तिथे वर्षातले जितके आठवडे मूल येणार ते आधी ठरतं. तासाचा दर गुणिले आठवड्याचे तास गुणिले आठवडे, भागिले बारा, आणि दर महिन्याला तीच रक्कम. आपल्या शाळकरी मुलांना शाळेचे आणि सुट्टीचे तास वेगळे धरून बेरीज करावी लागते, एवढंच. वरच्या आकड्यांत सांगायचं तर १९० दिवसांचे १९,००० आणि सुट्टीतल्या सहा आठवड्यांचे, म्हणजे ३० दिवसांचे ३३० प्रमाणे ९,९००. एकूण २८,९००, महिना साधारण २,४०८. पालकाला सुट्टीच्या तोंडावर धक्का नाही, तुम्हाला रिकामा महिना नाही. पण एक अट लागते: मूल वर्षाच्या मध्ये सोडून गेलं तर झालेल्या तासांचा आणि आलेल्या पैशांचा हिशेब त्या दिवशी बसून मिटवायचा, आणि हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं हवं. सुट्टी उलटल्यावर महिन्याभरात मूल बंद केलं, तर सुट्टीतले जास्तीचे तास तुम्ही दिलेले असतात आणि पैसे अर्धेच आलेले असतात. नवीन ओळखीच्या पालकांशी म्हणून मी ही पद्धत सुचवत नाही. वर्षभर अनुभव घेतलेल्यांशी खुशाल करा.

भावंडांची सवलत: दुसरं मूलही पूर्ण जागा अडवतं, खातं तेवढंच, आणि भांडायला घरूनच जोडीदार घेऊन येतं. तुमचं जे वाचतं ते एका पालकाशी बोलण्याचे आणि वसुलीचे श्रम. दुसऱ्या मुलाच्या फीत १० टक्के खूप झाले. वयानुसार दर बदलू नका. मोठ्याला लक्ष कमी लागतं, पण भूक दुप्पट असते.

सहलीचे पैसे फीत धरू नका. तिकीट आणि प्रवास जेवढ्यास तेवढा, वेगळा, दोन दिवस आधी. सहलीला न येणाऱ्या मुलाची सोय कोण करणार हेही तेव्हाच विचारा. तुम्ही एकट्या असाल तर उत्तर 'पालक' हेच असू शकतं. सहा मुलं घेऊन एकटीने गर्दीच्या ठिकाणी जायचं असेल तर मदतीला मोठं माणूस लागेल, आणि त्याचं मानधन सहलीच्या पैशांतच बसवा. घरापासून चालत जाता येईल असं मैदान असेल तर वर्षात एकच मोठी सहल पुरते. मुलांना दुसऱ्या दिवशी सहलीपेक्षा मैदानच आठवतं, हे आपलं माझं निरीक्षण.

मूल उशिरा नेणं शाळेच्या दिवसांत तुम्ही चालवून घेत असाल. सुट्टीत चालवू नका. सकाळी आठपासून सहा मुलं सांभाळल्यावरची शेवटची पंधरा मिनिटं अंगावर येतात. दर पंधरा मिनिटांना दंडाची ठरावीक रक्कम, आणि ती तासाच्या दरापेक्षा चांगली जास्त, म्हणजे ती सोय वाटता कामा नये. उलट बाजूही तितकीच सरळ ठेवा. तुम्ही आजारी पडलात किंवा तुमच्या घरी काही निघालं, तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे परत, न मागता, त्याच आठवड्यात. एवढं केलंत की मूल न आलेल्या गुरुवारचे पैसे मागताना जीभ अडखळत नाही.

हे सगळं तोंडी सांगू नका. दारात, मूल चप्पल शोधतंय आणि पालक गाडीची किल्ली फिरवतायत, अशा वेळी झालेला करार दोघांना दोन प्रकारे आठवतो. सगळ्यांना एकच निरोप पाठवा. साधारण असा:

'नमस्कार. सुट्टीत सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मुलांना ठेवण्याची सोय आहे. जागा पाच. नोंदणी आठवड्याची, सोमवार ते शुक्रवार. आठवड्याची फी अमुक, त्यात दोन वेळचं खाणं, जेवण आणि साहित्य धरलं आहे. सुटे दिवस जागा उरल्यास, दिवसाची फी अमुक. कुठले आठवडे हवेत ते या तारखेपर्यंत कळवावं आणि निम्मी रक्कम भरावी, उरलेली तो आठवडा सुरू होण्याआधी. दोन आठवडे आधी रद्द केल्यास पैसे परत, त्यानंतर नाही. माझ्याकडून दिवस रद्द झाला तर त्याचे पैसे परत. सध्या येणाऱ्या मुलांना पहिल्यांदा विचारत आहे. त्या तारखेनंतर उरलेल्या जागा बाहेरच्यांना देईन.'

शेवटचं वाक्य गाळू नका, आणि त्यातला शब्द पाळा. तारीख उलटली की खरंच बाहेरचं मूल घ्या, जरी नेहमीच्या पालकाने 'अहो, मी सांगणारच होते' म्हटलं तरी. एका सुट्टीत हे झालं की पुढच्या वेळी निरोप गेल्याबरोबर उत्तरं येतात.

निरोप सुट्टीच्या निदान दीड महिना आधी जायला हवा, कारण पालकांच्या रजा त्यांच्या कार्यालयात त्याच सुमारास मंजूर होतात. शेवटच्या तारखेला उत्तरं मोजा. पाच नोंदण्या आल्या तर ३३० चा दर लावून निर्धास्त व्हा. चारच आल्या तर दोन वाटा आहेत: दोन आठवडे पूर्ण बंद ठेवून उरलेल्या आठवड्यांत मुलं एकत्र करायची, म्हणजे त्या आठवड्यांत पाच भरतील, किंवा पुढच्या सुट्टीसाठी दर वाढवायचा. या सुट्टीचा जाहीर केलेला दर मात्र मध्येच बदलू नका. ज्या आईने दोन आठवड्यांसाठी विचारलंय, तिला आधी फोन करा. तिच्या आठवड्यांना थोडी लवचिकता असेल, तर चारचे पाच बहुधा तिच्यामुळेच होतील.